न्यूयॉर्क उत्तरेला आहे

मुंबईहून न्यूयॉर्क कोणत्या दिशेला, असं विचारलं तर कुणीही समुद्राकडे बोट दाखवेल. भिंतीवरच्या नकाशानं आपल्याला तसंच शिकवलेलं असतं. डावीकडे अरबस्तान, पुढे आफ्रिका, मग भलामोठा निळा अटलांटिक आणि त्याच्या पल्याड अमेरिका. पण सहारच्या विमानतळावरून सर्वांत जवळच्या वाटेनं निघायचं असेल, तर तोंड करावं लागतं उत्तरेकडे. अगदी नाकासमोर उत्तर नव्हे. तिच्यापासून २७ अंश पश्चिमेला, काठियावाडच्या रोखानं. आणि तिकडे न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उभ्या असलेल्या माणसाला मुंबई गाठायची असेल, तर त्यालाही उत्तरेकडेच वळावं लागतं, फक्त पूर्वेला कलून. दोन्ही शहरं एकमेकांकडे बघायला निघाली तर दोघांचीही मान उत्तरेलाच वळणार!

पटत नसेल तर पृथ्वीचा गोल घ्या. टेबलावर ठेवतात तसला, ३० सेंटिमीटर व्यासाचा. एक गुळगुळीत दोरा घ्या आणि तो नकाशातल्या वाटेनं लावा: मुंबई, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, मोरोक्को, अटलांटिक, न्यूयॉर्क. आता दोन्ही टोकं बोटांनी धरून दोरा हलके हलके ताणा. दोरा आफ्रिकेवर टिकत नाही. तो वर घसरतो. भूमध्य समुद्र ओलांडतो, युरोपवर चढतो, तिथंही थांबत नाही आणि थेट आइसलंडवर जाऊन घट्ट बसतो. तोवर बोटांत जवळपास चार सेंटिमीटर दोरा जास्तीचा उरलेला असतो. हे चार सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे १,६७० किलोमीटर. मुंबईहून विमानानं नागपूरला जाऊन परत यावं, त्याहूनही जास्त.

ताणलेल्या दोऱ्याखाली कोणकोणती गावं येतात हे बघत बसण्यासारखं आहे. दोरा राजकोटजवळून कच्छच्या रणावर जातो, सिंधमधून कंदाहारच्या आसपास अफगाणिस्तानात शिरतो, तुर्कमेनिस्तान ओलांडतो आणि कॅस्पियन व अरल समुद्रांच्या मधून कझाकस्तानात येतो. आणि मग मॉस्को! लांबून वगैरे नव्हे, जवळजवळ माथ्यावरूनच. पुढे फिनलंड, नॉर्वेतलं ट्रॉन्हाइम, आइसलंडची राजधानी रेक्याविक, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, अमेरिकेचं मेन राज्य आणि शेवटी न्यूयॉर्क. विषुववृत्तापासून १९ अंशांवरचं आपलं घामट शहर आणि ४१ अंशांवरचं न्यूयॉर्क, यांच्यातली जवळची वाट जाते ती ६५ अंशांच्या घरातून, आर्क्टिक वृत्ताच्या जेमतेम दोन अंश खालून.

या वाटेला भूगोलाच्या पुस्तकात बृहद्वृत्त म्हणतात. गोलाचे बरोबर दोन समान भाग करणारं, गोलाच्या केंद्राभोवतीचं वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त. गोलावरच्या दोन बिंदूंमधली सर्वांत आखूड वाट नेहमी त्याच्यावरूनच जाते. नकाशात ती कमानीसारखी वाकलेली दिसते, कारण वाकवलेला असतो तो नकाशा. मर्केटरनं १५६९ मध्ये आपला नकाशा काढला तो खलाशांसाठी. त्यावर सरळ रेघ मारली की एकच दिशा धरून शेवटपर्यंत जाता येतं, होकायंत्राचा काटा हलवावा लागत नाही. खलाशाला हवी होती ती ही सोय. अंतर वाढलं तर वाढलं. बृहद्वृत्तावर नेमकं उलटं घडतं. विमान कुठेही न वळता पुढे जात असतं, तरी त्याची दिशा सतत बदलत राहते: निघताना वायव्येच्याही वर, नॉर्वे-आइसलंडच्या दरम्यान नेमकी पश्चिम, आणि न्यूयॉर्कला उतरताना नैऋत्य. पुढच्या खुर्चीच्या पाठीवरच्या पडद्यावर विमानाची वाट कमानदार दिसते आणि शेजारचा प्रवासी कुरकुरतो की हे लोक उगाच फिरवून नेतात. फिरवून नेत नाहीत. पडदा सपाट आहे.

अंतराचा आकडा काढायला दोऱ्याचीही गरज नाही. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश माहीत असले की गोलावरच्या त्रिकोणमितीनं पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन निघतो. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात तो ११२.७ अंशांचा येतो. एका अंशाची ६० मिनिटं, आणि अशा एका मिनिटाइतकी पृथ्वीची कड म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. म्हणजे कोन कळला की अंतर आपोआप कळलं: ११२.७ गुणिले ६०, सुमारे ६,७६० सागरी मैल. किलोमीटरमध्ये सुमारे १२,५३०. वैमानिक अजूनही सागरी मैल सोडत नाहीत, ते यामुळेच असावं. हे माप पृथ्वीच्या गोलाईतूनच कापून काढलेलं आहे. हे गणितही विमानांच्या कितीतरी आधीचं. गझनीत राहणाऱ्या अल्बेरुनीनं १०२५ च्या सुमारास तिथून मक्केची नेमकी दिशा काढायला असल्याच गोलीय त्रिकोणांचा आधार घेतला होता.

बारकाईनं पाहायचं तर पृथ्वी पुरती गोल नाही. ध्रुवांकडे ती दबलेली आहे, विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरनं जास्त आहे. त्यामुळे काटेकोर हिशेब करणारे लंबगोलाची सूत्रं वापरतात आणि आकडा थोडासा सरकतो. विमानाच्या उंचीनं मात्र फारसं काही बिघडत नाही. जमिनीपासून ११ किलोमीटरवरून उडल्यामुळे एवढ्या मोठ्या प्रवासात वाढणारं अंतर आहे फक्त २२ किलोमीटर. आपल्या टेबलावरच्या गोलावर ११ किलोमीटर म्हणजे पाव मिलिमीटर. दोऱ्याची जाडी त्याहून जास्त असेल. ‘आकाशात उंच उंच’ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते विमान खरं तर पृथ्वीच्या कातडीला चिकटून सरपटत असतं. (आणि कातडीखालून, सरळ बोगदा खणून गेलो तर? १०,६०० किलोमीटर. अगदी आरपार जाऊनसुद्धा वाचतात ते दोनेक हजारच.)

इथपर्यंत सगळं भूमितीच्या हातात होतं. पण राजकोट, सिंध, कंदाहार, मॉस्को ही यादी पुन्हा वाचली की अडचण लक्षात येते. जमिनीप्रमाणे आकाशाचीही मालकी असते. पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत ते बंद होतं. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ मध्ये सत्तापालट झाला आणि तिथलं हवाई वाहतूक नियंत्रण कोलमडलं. युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, २०२२ मध्ये, रशियानं युरोपातल्या आणि इतर अनेक देशांच्या विमान कंपन्यांना मज्जाव केला. अमेरिकी कंपन्यांची विमानंही रशियावरून जायची थांबली, आणि युनायटेड एअरलाइन्सनं त्या मार्चमध्ये आपली नेवार्क-मुंबई सेवा स्थगित केली. विमानं तीच, वैमानिक तेच, अंतर तेच. दोऱ्याचा मधला भाग तेवढा वापरता येईना. एअर इंडियाला रशियाचं आकाश बंद नव्हतं. म्हणजे त्याच दोन विमानतळांमधलं जाण्याजोगं अंतर विमानाच्या शेपटीवर कोणत्या देशाचं चिन्ह आहे यावरही ठरतं!

मग दोरा किती वाकवावा लागतो? मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोठं आश्चर्य इथं वाटतं. समजा, मॉस्कोचं नावच काढायचं नाही आणि इस्तंबूलवरून जायचं. मॉस्को आणि इस्तंबूल यांच्यात सुमारे १,७५० किलोमीटरचं अंतर. वाट एवढी खाली ओढली म्हणजे फेरा चांगलाच पडणार असं वाटतं. पण हिशेब करून बघा: मुंबई-इस्तंबूल ४,८२० किलोमीटर, इस्तंबूल-न्यूयॉर्क ८,०३० किलोमीटर, बेरीज १२,८५०. मूळ वाटेपेक्षा जेमतेम ३२० किलोमीटर जास्त. विमानाच्या हिशेबात वीस-बावीस मिनिटं. पाकिस्तान टाळून ओमान आणि आखाताच्या बाजूनं वळसा घ्यावा लागला तर त्यात अजून थोडी भर पडते. तरीही लांबच्या प्रवासात जवळची वाट फार उदार असते. तिला मधोमध पकडून भलतीकडे ओढलं तरी ती फारशी लांबत नाही. आणि याच उदारपणाचा फायदा वारा घेतो.

लांब पल्ल्याचं जेट विमान ३५,००० फुटांवर उडतं तेव्हा त्याचा वेग असतो आवाजाच्या वेगाच्या ८४ टक्क्यांच्या आसपास. तिथल्या उणे ५४ अंशांच्या थंडीत आवाजच मुळी मंद होतो, त्यामुळे हा वेग येतो ताशी सुमारे ८९० किलोमीटर. पण हा वेग भोवतालच्या हवेच्या संदर्भातला. आणि हवा जागेवर नसते. ती वाहत असेल तर नदीतल्या होडीची जी गत तीच विमानाची. समोरून सरासरी ताशी ६० किलोमीटरचा वारा असेल तर १२,५३० किलोमीटर जायला १५ तास लागतात. तोच वारा परतीच्या प्रवासात पाठीशी आला की १३ तास १० मिनिटं. जाताना आणि येताना अंतर एकच, वेळ मात्र दोन. अमेरिकेला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. जाताना पाय सुजले होते, येताना ‘लवकर आलो की’ असं वाटलं होतं.

हे वारे येतात कुठून? विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या सीमेवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्यानं वळवलेले प्रचंड प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असतात. हेच जेट प्रवाह. १९२० च्या दशकात जपानमधल्या तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून सोडून ते मोजले. आपलं काम जगानं वाचावं म्हणून त्यांनी अहवाल छापला तो एस्परांतो या बनवलेल्या जागतिक भाषेत. अर्थातच तो जवळपास कुणीच वाचला नाही! १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर मोठ्या उंचीवरून उडू लागली, तेव्हा हे वारे त्यांना असे काही भेटले की नेमच लागेना. माहिती जवळपास वीस वर्षांपूर्वीच छापून तयार होती, जपानमध्येच.

आता हे वारे रोज मोजले जातात आणि वाटा रोज नव्यानं आखल्या जातात. उत्तर अटलांटिकवर तर विमानांसाठी दर दिवशी समांतर मार्गांचे पट्टे ठरतात. आज जी वाट होती ती उद्या असेलच असं नाही. युरोपकडे जाणाऱ्या विमानांचे पट्टे वाऱ्याच्या प्रवाहात घुसवले जातात, अमेरिकेकडे जाणाऱ्यांचे त्याला चुकवून. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. हा आकडा आवाजाच्या वेगाला मागे टाकणारा, तरी विमानानं तो अडथळा ओलांडलाच नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

वाऱ्याची खरी करामत मात्र आपल्या एअर इंडियानं दाखवली. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या दिशेनं, प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. ही वाट १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा सुमारे दोन तासांनी कमी. जास्त अंतर आणि कमी वेळ. परतताना विमान अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच यायचं. पश्चिमेचा वारा जाताना पाठीशी आणि येतानाही पाठीशी. प्रवाशानं जायचं-यायचं तिकीट काढावं आणि त्यात पृथ्वीप्रदक्षिणा पदरात पडावी, असा हा व्यवहार.

दोन तास वाचणं म्हणजे नुसती प्रवाशांची सोय नव्हे. बोइंग ७७७-३००ईआरच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं. पूर्ण भरलेलं विमान उडताना साडेतीनशे टनांच्या घरात असतं आणि त्यातलं चाळीस टक्क्यांपर्यंत वजन इंधनाचंच असू शकतं. शेवटच्या तासात जळायचं इंधन आधीचे पंधरा तास उचलून न्यावं लागतं आणि ते उचलण्यासाठी वेगळं इंधन जळतं. म्हणूनच जड विमान सुरुवातीला कमी उंचीवर राहतं आणि इंधन जळून हलकं होईल तसं पायरी-पायरीनं वर चढतं. हे असं एका दमात न्यूयॉर्क गाठणं तसं अलीकडचंच आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० तारखेला पोचलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि न्यूयॉर्क सुरू झालं, पण लंडनला थांबूनच. मध्ये कुठेही न उतरता मुंबई-न्यूयॉर्क करायला एअर इंडियाला २००७ साल उजाडावं लागलं.

तिकिटावर छापलेली वेळ आणि उडण्याची वेळ यांतही फरक असतो. तिकिटावरचा हिशेब विमान फाटकावरून मागे ढकललं जातं तिथं सुरू होतो आणि पलीकडच्या फाटकाला लागतं तिथं संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पुढे रांग असली की विमान दिव्यांच्या ओळीत मुंगीच्या पावलांनी सरकत राहतं. न्यूयॉर्कला उतरल्यावरही तेच. कंपन्यांना हे सगळं ठाऊक असतं, म्हणून त्या वेळापत्रकात थोडी पुंजी आधीच घालून ठेवतात. वैमानिकानं ‘आपण वीस मिनिटं आधी पोचलो आहोत’ असं जाहीर केलं की टाळ्या वाजवण्याआधी हे आठवायला हरकत नाही.

आणि घड्याळं तर निराळीच. समजा, हिवाळ्यात विमान पहाटे २ वाजता मुंबईहून निघालं आणि १६ तासांनी पोचलं. मुंबईत तेव्हा संध्याकाळचे ६ वाजलेले असतील. न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, त्यामुळे तिथं सकाळचे साडेसात. दोन्ही घड्याळांवर विश्वास ठेवला तर मुंबईहून अमेरिका साडेपाच तासांवर आली. परतताना याची भरपाई होते. न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघून साडेचौदा तास उडलं की मुंबईत दुसऱ्या दिवशीचा दुपारी १ वाजलेला असतो, म्हणजे घड्याळाच्या लेखी २५ तास. त्यात अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळं एक तास पुढे होतात. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा असतात. शनिवारी मध्यरात्र उलटल्यावर मुंबईहून उडालेलं विमान त्या क्षणी अटलांटिकच्या आसपास कुठेतरी असतं. निघालं तेव्हा न्यूयॉर्क साडेदहा तास मागे होतं, उतरेल तेव्हा साडेनऊ. अंतर तेच, वारा तोच, पण पोचण्याची वेळ विमान हवेत असतानाच एका तासानं पुढे सरकलेली असते, आणि न्यूयॉर्कला घ्यायला येणारा रात्री घड्याळ लावायला विसरला असेल तर तो घरातून निघेल तेव्हा पाहुणा विमानतळावर ताटकळत बसलेला असेल.